फरशीपासून

ताईच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडं होतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे भाऊजींचा एक फोटो आणि देवीचं एक जुनं कॅलेंडर वर्षानुवर्षं चिकटलेलं आहे, तिथे त्या दोघांच्या मधोमध माझा ग्राफ होता. पेपरातून कात्रीने नीट कापलेला, कणकेच्या खळीने चिकटवलेला, खळ अजून ओली. मी हातात तिचा चहा घेऊन उभा. सकाळचे आठ वाजले असतील. घरात मी माझा पेपर कधी उघडत नाही. तीस वर्षं त्या पेपरात चित्रं काढतोय, हलवाई घरी पेढे खातो का? बायको कुसुम वाचते, ताई वाचते, मी फक्त रद्दी बांधतो. त्यामुळे आपण काढलेलं काही असं घरात, कोणाच्या तरी पेटीत, फोटोच्या शेजारी बसलेलं पाहून मी चहा द्यायचाच विसरलो. दोन खांब होते. डावीकडचा उंच, विटकरी रंगाचा. उजवीकडचा बुटका, हिरवा. वर मथळा, हिंदी पेपर आमचा: 'उरला की हवा हुई साफ'. उरला म्हणजे रायपूरबाहेरची कारखान्यांची वस्ती, ताईचं घर तिथलंच. मागच्या मंगळवारी वीस मिनिटांत उरकला होता मी तो, एका हातात समोसा धरून.

"ताई, हे काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? तूच काढलं ना? कुसुम सांगून राहिली होती का तूच काढतो असे चित्रं." ताई खाली बसून लुगड्यांच्या घड्या पेटीत भरत होती. "हवा साफ झाली म्हणते. एवढी होती," तिने हात फरशीपासून थेट खांद्यापर्यंत नेला, "आता एवढीशी राहिली." आणि बोटांची वीत दाखवली, वीतसुद्धा पूर्ण नाही. "टेम्पोवाल्याले सांगून ठेवलं. गुरुवारी जाते मी माझ्या घरी. काहून पडून राहू इथं? दहा महिने झाले ना बाप्पा."

मी म्हणालो, चहा घे, थंड होतो. एवढंच म्हणालो.

शारदाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. भाऊजी, म्हणजे दयाराम, उरल्याला रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. तिथल्याच वस्तीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या, पुढे अंगण, अंगणात एक मुनगा, म्हणजे शेवगा. भाऊजी गेले तरी ताईने ते घर सोडलं नाही. सकाळी अंगण झाडायचं आणि दुपारपर्यंत पुन्हा बोटाने नाव लिहिता येईल इतकी काळी भुकटी. भांड्यांवर, मुनग्याच्या पानांवर, वाळत घातलेल्या पांढऱ्या लुगड्यावर. मग छातीत शिट्टी वाजायला लागली. मागच्या दिवाळीत शेजारच्या अंजनाबाईचा फोन आला की दीदी को साँस नहीं आ रही है, तेव्हा मी रिक्षा घेऊन गेलो आणि तिला इकडे समता कॉलोनीत आणलं. आम्ही राहतो त्याच्या खालीच दवाखाना. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला आणि मला बाजूला घेऊन साफ सांगितलं, पुढचा असा झटका तिकडे आला तर रिक्षा पोचेपर्यंत त्या राहणार नाहीत. मी हे ताईला अर्धंच सांगितलं. ती हसली होती. म्हणाली, डॉक्टरचं काय, तो खालीच बसते, त्याले गिऱ्हाईक पाहिजे.

आणि खरं सांगू? ती 'गुरुवारी जाते' म्हणाली तेव्हा पोटात कुठेतरी हलकं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आमच्या दोन खोल्या. ताईची पेटी, ताईची वाफ घ्यायची पातेली, कुसुमने फोडणी घातली की ताईचा खोकला, ताईचा खोकला आला की कुसुमचा चेहरा, आणि त्या दोघींच्या मधे मी, पंख्याकडे पाहत. मनात आलं, पुन्हा खिडकीशी टेबल ठेवता येईल, ब्रश काढता येतील. मग मी त्या हिरव्या बुटक्या खांबाकडे पाहिलं आणि माझी मलाच शिसारी आली. कारण तो खांब बुटका नव्हता. मी त्याला बुटका केला होता.

आता हे समजावून सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल की मी कुठला मोठा लफडेबाज. आकडे खोटे नव्हते. खांबांच्या डोक्यावर छापलेलेच होते, बारीक टायपात: चारशे बारा आणि तीनशे चौऱ्याण्णव. हवेत किती धूळ त्याचा आकडा. कारखानदारांच्या कुठल्याशा मंडळाचं पत्रक आलं होतं, त्यातलेच. आमच्या आर्ट विभागात अशा ग्राफला जागा मिळते दोन कॉलम रुंद, आठ सेंटिमीटर उंच. मी आधी सरळ काढला होता, शून्यापासून. निरंजन मागे येऊन उभा राहिला. निरंजन आमचा डेस्क-इनचार्ज, बत्तीस वर्षांचा, सतत घाईत, मनाने वाईट नाही. म्हणाला, "दादा, ये तो दोनों जुड़वाँ भाई लग रहे हैं. इसमें जान नहीं है." जान! वेगळं राज्य झाल्यापासून, आमच्या रायपूरची राजधानी झाल्यापासून, या चार वर्षांत मी ही एकच मागणी ऐकतोय. आधी आमच्या पेपरात फोटो असायचे आणि माझी ब्रशने काढलेली शीर्षकं. राजधानी झाली आणि सगळ्यांना सगळं वर जाताना दिसायला लागलं, नाहीतर खाली पडताना. रस्ते, सिमेंट, धान, मतदान, दहावीचा निकाल. कॉम्प्युटर आले, रंग आले, आणि ग्राफ आले. ग्राफात जान घालायची रीत मला एका आठवड्यात कळली. पाय कापायचे. खांब शून्यापासून उभा करायचाच नाही, तीनशे नव्वदपासून करायचा. मग चारशे बारामधले उरतात बावीस, आणि तीनशे चौऱ्याण्णवमधले उरतात चार. बावीसचा खांब आठ सेंटिमीटर, चारचा दीड. आकडे तेच, शपथेवर खरे. फक्त गुडघ्याखालचं सगळं पानाबाहेर. आम्ही आपसात म्हणायचोही तसंच, 'पैर काट दो'. चार वर्षांत मी किती पाय कापले असतील याचा हिशेब नाही, आणि एकदाही वाटलं नाही की पानाच्या पलीकडे कोणी तरी बसून त्या खांबांकडे बघतंय आणि त्यावरून आपलं काही ठरवतंय. मला वाटायचं ते सजावट आहे, पूर्वी मी शीर्षकाखाली वेल काढायचो तशी.

त्या दिवशी चार वाजता ड्यूटीवर गेलो, पण हात चालेना. स्क्रीनवर कसल्यातरी बियाण्याचा ग्राफ होता आणि मला दिसत होती गुढ़ियारीतल्या आमच्या जुन्या घराच्या दाराची चौकट. बाबा, श्यामराव, वर्ध्याकडून रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून आले, गुढ़ियारीत दोन खोल्या घेतल्या, तिथेच आम्ही वाढलो. दर दसऱ्याला, सोनं वाटून झालं की बाबा आम्हाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर पट्टी ठेवायचे आणि खिळ्याने खूण करायचे. मी आठ वर्षांचा होतो त्या वर्षी आधी महिनाभर घरात शहाबादी फरशी बसवली होती. त्याआधी शेणाची जमीन. फरशीखाली रेती, चुना, असं करून जमीन चांगली चार बोटं वर आली. दसऱ्याला मी चौकटीला टेकलो, बाबांनी खूण केली, आणि मी पाहतो तर काय, मागच्या वर्षीच्या खुणेपासून ही खूण अर्धी वीत वर! ताईची आठव्या वर्षीची खूण मी ओलांडली होती. बाबांच्या लक्षात आलं नाही, त्यांना मालगाडी होती. मी अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बोंबलत फिरलो. मी उंच झालो, मी पोलीस होणार. शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसलो, उंच पोरं मागे बसतात म्हणून. ताई बघायची आणि गप्प राहायची. आठ दिवस गप्प राहिली. नवव्या दिवशी मी एका दांडग्या पोट्ट्याशी कुस्ती लावायला निघालो, तेव्हा तिने मला कॉलरला धरून चौकटीजवळ आणलं. म्हणाली, "उंच तू नाही झाला बैताडा, फरशी झाली." मला कळेचना. मग तिने आईच्या शिवणाच्या पेटीतली टेप आणली, एक टोक माझ्या हाताने फरशीवर दाबून धरायला लावलं, आणि टेप माझ्या डोक्यापर्यंत नेली. मी रडलो, हमसून हमसून रडलो. जुन्या खुणेच्या उंचीत फरशीने झाकलेली चार बोटं मिळवली तर मी मोजून दोनच बोटं वाढलो होतो. ती म्हणाली, "खुणेपासून नाही मोजायचं, फरशीपासून मोजायचं. रडून काहून राहिला, दोन बोटं वाढला ना? ते दोन बोटं तर खरे आहेत ना?"

हे मी पंचेचाळीस वर्षांत कधी विसरलो नव्हतो. कुसुमला सांगून हसवलंय. आणि मग मीच खुर्चीत बसून, समोसा खात, तिच्याच घराच्या हवेखाली फरशी वर केली. तीनशे नव्वदच्या खाली मी काय कापलं होतं? तीनशे नव्वद कापले होते. ती सगळी धूळच होती. तिच्या भांड्यांवरची, तिच्या छातीतली. मी ती पानाच्या खाली ढकलली आणि वरचं उरलेलं हिरव्या रंगात रंगवलं. हिरवा रंगसुद्धा मीच निवडला होता, कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री घरी आलो तेव्हा ती झोपली होती, म्हणजे सांगायचं टळलं, आणि टळलं याचं बरंही वाटलं. असा मी. सकाळी उठलो तर पेटी कुलूप घालून तयार, आणि ताई खालच्या दुकानातून अंजनाबाईला फोन लावून आली होती. चेहरा असा की दहा महिन्यांत पाहिला नव्हता. कुसुमला सांगत होती, "अंजनाबाईले मी म्हटलं, पेपर पाहाय, माझ्या भावानंच काढलं. तर ते म्हणते दीदी मी पण कापून ठेवलं. तिची सून बाळंत झाल्यापासून माहेरी बसली होती ना, लेकराच्या छातीत घरघर होते म्हणून? बोलावलं म्हणे तिले. शनिवारी येऊन राहिली लेकराले घेऊन."

मी स्वयंपाकघरात जाऊन कुसुमला सगळं सांगितलं. ओट्याला टेकून, भराभर, पोरासारखं. चारशे बारा, तीनशे चौऱ्याण्णव, पाय कापले, सगळं. कुसुमने गॅस बंद केला. मला वाटलं ती म्हणेल, राहू द्या, जायचं आहे त्यांना, जाऊ द्या. त्या दोघींचं कधी जमलं नाही, फोडणीवरून तर अजिबात नाही. ती म्हणाली, "मग इथे माझ्यापाशी काय उभे आहात? त्यांच्यापाशी जाऊन सांगा." आणि मी हललो नाही तेव्हा म्हणाली, "अहो, त्या तिकडे घुसमटून जातील आणि तुम्ही इथे ग्राफ काढत बसाल. जा म्हणते ना."

सांगायचं कसं? तोंडाने सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं, डॉक्टरचं नेलं तसं. मी माझ्या खोक्यातून खडू काढला आणि फूटपट्टी. ताईच्या खोलीत फरशीवर उकिडवा बसलो. ताई म्हणाली, आता हे काय काढून राहिला, रांगोळी? मी म्हणालो, बघ. भिंतीच्या पायथ्याशी पट्टी लावली. एक मिलिमीटर म्हणजे एक, असं धरलं, आणि भिंतीपासून चारशे बारापर्यंत एक रेघ ओढली. हातभर लांब झाली, कोपरापासून बोटांपर्यंत असते तेवढी. तिच्याशेजारी दुसरी, तीनशे चौऱ्याण्णव. हातभरच. दोन्ही रेघा शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि त्यांच्यात फरक होता तो एका बोटाचा. एक बोट, बस. घाईत दुसरी रेघ थोडी वाकडी आली.

"ही मेमधली धूळ," मी म्हणालो. "आणि ही आताची."

ताई खाली बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली. तिने दोन्ही रेघांवरून हात फिरवला, मग शेवटाला आपलं एक बोट आडवं ठेवलं. बरोबर मावलं. उठून पेटीचं कुलूप काढलं, झाकण उघडून चिकटवलेल्या कात्रणाकडे पाहिलं, पुन्हा खाली रेघांकडे. असं तीनदा. मी बोलत होतो, काय बोलत होतो मलाच ठाऊक नाही, निरंजन म्हणाला म्हणून, जागा नव्हती म्हणून, सगळेच करतात म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. शेवटी म्हणाली, "फरशी वर केली होती ना रे तू?"

"हो," मी म्हणालो.

"आकडे तर लिहिलेले आहेत वरती." तिने चष्मा पुसला, कात्रणाच्या अगदी जवळ गेली. "चारशे बारा. तीनशे चौऱ्याण्णव. वाचता येते ना मले, सातवी शिकली मी. पण तू काढलं म्हणून मी आकडेच नाही पाहिले." 

याहून तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं, सरळच आलं, चौपन्न वर्षांच्या माणसाला येतं तसं, नाकातून आधी. मी म्हणालो, ताई, तू जाऊ नको. तू गेलीस तर मी काय करू? आणि तेही सांगून टाकलं की काल तू जाते म्हणालीस तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. ते सांगायची काहीएक गरज नव्हती. ती म्हणाली, "ते तर मले माहीतच आहे. मलेही वाटलं असतं. दोन खोल्या आहेत." आणि मग हसायला लागली, हसता हसता छातीत शिट्टी वाजली, कुसुम पंप घेऊन धावत आली. दोन फुंका झाल्यावर ताई पुन्हा रेघांपाशी वाकली. माझं रडणं तिथेच राहिलं, तिला दुसरंच काही खटकलं होतं.

"ही पहिली कधीची म्हणाला?"

"मेची."

"अन् ही?"

"ऑगस्टची. मागच्या महिन्यातली."

"अरे बैताडा!" ती म्हणाली. "पावसात तर माझ्या अंगणातली पण धूळ बसते. झाडू नाही लागत मले श्रावणात. मे मोजायचा तर मेसोबत मोजायचा ना. हे एक बोट पण पावसाचंच आहे, कारखान्याचं नाही."

 तीस वर्षं पेपरात, चार वर्षं ग्राफात, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं लक्ष फक्त पायांवर होतं. मी काय कापलं तेच मला माहीत. कोणत्या दोन खांबांना शेजारी उभं केलं हे मी पाहिलंच नव्हतं, ते पत्रकवाल्यांनी आधीच करून पाठवलं होतं. ती म्हणाली, आता बसून काय राहिला, जा, मागच्या ऑगस्टचा आकडा शोध. आणि अंजनाबाईची सून शनिवारी येऊन राहिली, त्याच्या आत छाप. मी म्हणालो, तू अंजनाबाईला फोन करून सांग ना. ती म्हणाली, "अंजनाबाईले मी सांगीन. पण वस्तीत तीस-चाळीस घरी पेपर येते. सगळ्यांले काय मी फोन लावत बसू? जिथं छापलं तिथंच छापाय."

मी दोनलाच ऑफिसला पोचलो. चपराशी म्हणाला, दादा आज सूरज पश्चिम से निकला क्या. मागच्या वर्षीच्या फायली जिन्याखाली असतात, त्यांच्यावर पंख्याची जुनी खोकी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आतल्या पानावर, कोपऱ्यात चार ओळी होत्या, तेच मंडळ, तीच जागा: मागच्या ऑगस्टचा आकडा तीनशे एकोणनव्वद. आणि यंदाचा तीनशे चौऱ्याण्णव. म्हणजे कमी तर नाहीच, पाचने जास्त. फायलीतून धूळ माझ्या नाकात गेली आणि मी शिंकत बसलो, आणि खरं सांगतो, कितीतरी दिवसांनी मला काम करावंसं वाटलं.

निरंजन आला तेव्हा मी त्याच्या टेबलाशी उभाच होतो. त्याने ऐकलं आणि हात वर केले. "दादा, माफ़ीनामा नहीं छपेगा. ऊपर पूछना पड़ेगा, और ऊपर कोई हाँ नहीं बोलेगा." मी म्हणालो, माफी नको, ग्राफ छाप. तो म्हणाला, शून्यापासून काढला की आठ सेंटिमीटरमध्ये काय दिसणार, पुन्हा जुळे भाऊच. तेव्हा मी त्याला कागद दाखवला. मी खांब आडवे केले होते. उभे केले तर आठ सेंटिमीटर, पण आडवे निजवले तर दोन कॉलमांची सगळी रुंदी मिळते, उंचीपेक्षा जास्त, तेवढ्याच जागेत. पाय कापायचं कामच नाही. ताईच्या खोलीत भिंतीपासून रेघा ओढल्या तेव्हाच हे माझ्या ध्यानात आलं होतं. दोन आडव्या पट्ट्या, एकाच रंगाच्या, मातकट. मागचा ऑगस्ट, हा ऑगस्ट. डावीकडे ठळक शून्य.

निरंजनने कागद लांब धरला, जवळ धरला. "बराबर हैं," तो म्हणाला.

"हो. हीच तर बातमी आहे."

तो पेन्सिलने टेबलावर टकटक करत राहिला. मग म्हणाला, "नंबर पक्के हैं? पिछले साल वाला कहाँ से?" मी फाईल त्याच्यासमोर आपटली, धूळ उडाली. त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा बदलला. आता तो इनचार्ज नव्हता, बातमीचा वास आलेला माणूस होता. "मतलब उन्होंने मई को अगस्त से भिड़ा दिया? और हमने छाप भी दिया?" त्याने मथळा स्वतः लिहिला: 'अगस्त से अगस्त: उरला की धूल वहीं की वहीं'. मी म्हणालो, खाली एक ओळ पाहिजे, की मागच्या आठवड्याच्या ग्राफातले खांब शून्यापासून नव्हते. त्याने ती ओळ खोडली. मी पुन्हा लिहिली. त्याने पुन्हा खोडली. मी म्हणालो, "निरंजन भैया, तो ग्राफ माझ्या बहिणीने पेटीत चिकटवलाय, आणि त्या भरवशावर ती परत तिकडे चालली होती." त्याने खोडलेली ओळ पुन्हा एकदा वाचली, मग म्हणाला, "छह पॉइंट में. उससे बड़ा नहीं." सहा पॉइंट म्हणजे मुंगीएवढं अक्षर. पण छापलं.

बुधवारी सकाळी पहिल्यांदाच मी घरी माझा पेपर उघडला. ताईने मुंगीएवढी ओळ चष्मा लावून मोठ्याने वाचली, दोनदा. जुनं कात्रण तिने फाडलं नाही. त्याच्याखाली नवं चिकटवलं, म्हणाली, दोन्ही राहू दे, कोणी विचारलं तर दाखवता येते. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं. संध्याकाळी अंजनाबाईचा फोन, सून माहेरीच राहतेय, आणि वस्तीतल्या सात-आठ बाया दोन्ही कात्रणं घेऊन मंडळाच्या ऑफिसात जाणार आहेत, साहेबाला विचारायला की साहेब, हे काय. ताई म्हणाली, मी पण आली असती, पण माझा भाऊ सोडत नाही. मी सोडत नाही! हे ऐकून मला किती बरं वाटलं ते लिहिता येणार नाही.

बायांचं काय झालं म्हणाल तर लगेच काहीच झालं नाही. पहिल्यांदा साहेब भेटला नाही. दुसऱ्यांदा चहा पाजला. दिवाळीनंतर एका मिलच्या चिमणीला धूळ अडवायचं जे यंत्र होतं आणि जे विजेचं बिल वाचवायला बंद ठेवत, ते चालू झालं, मग आणखी दोन मिलचं. मी दर महिन्याला आडवा ग्राफ काढायला लागलो, मागच्या वर्षीचा तोच महिना आणि यंदाचा. निरंजनने त्याला कायमची जागा दिली, पान पाचवर, शेवटचे दोन कॉलम. बाकीच्या ग्राफांचे पाय तो अजून कापायला सांगतो. मी शून्यापासून काढतो, तो कुरकुरतो, अर्ध्या वेळा तो जिंकतो. तेव्हा निदान आकडे तरी मी मोठ्या टायपात टाकतो. ताईच्या खोलीतल्या खडूच्या रेघा कुसुम पुसत नव्हती, पोछा त्यांच्या भोवतीने मारायची. दिवाळीच्या सफाईत चुकून पुसल्या गेल्या तर दोघींचं केवढं वाजलं. मग ताईनेच पट्टी घेऊन पुन्हा आखल्या, माझ्यापेक्षा सरळ.

परवा मेचा आकडा आला. तीनशे शहात्तर. मी घरी येऊन खडू तिच्या हातात दिला. मागच्या मेची रेघ होतीच, चारशे बारा. ताईने भिंतीच्या पायथ्याला पट्टी टेकवली, नवी रेघ ओढली आणि दोन रेघांच्या शेवटांमधे बोटं ठेवली. दोन बोटं. तशीच ठेवून बसून राहिली. खिडकीतून ऊन येत होतं, तिच्या पांढऱ्या लुगड्यावर, आणि लुगडं पांढरंच होतं.

"पाऊस तर नाही ना यात?" तिने विचारलं.

"नाही. मे ते मे."

"अन् फरशी?"

"फरशीपासून."

"म्हणजे हे दोन बोटं खरे आहेत."

"खरे आहेत, ताई."

ती उठली. पेटीकडे गेली, पण पेटी उघडली नाही. खुंटीवरची कापडी पिशवी काढली, त्यात एक लुगडं, चष्म्याची डबी आणि पंप टाकला. कुसुम दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, टेम्पो सांगू का?

"टेम्पो कायले?" ताई म्हणाली. "घर पाहून चार दिवसांनी येते परत. दोन बोटांपुरतं पिशवीत मावते."